लेखनाची देवता स्त्री, मग लेखणी कुणाच्या हाती? उत्तर बुलढाण्यात आहे!

दसरा आला की घराघरांत पाटीपूजन होतं. एकच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर काढली जाते, वह्या-पुस्तकांना हळद-कुंकू वाहिलं जातं. पण लिहिण्यासाठी देवतेला हात जोडणारे फक्त आपणच नाही.

कुठे कोणती देवता?

- सुमेर (आजचा इराक): निसाबा ही धान्याची आणि लेखनाची देवी. पुढे तिचा मान नाबू या पुरुष देवाकडे गेला.
- इजिप्त: लेखनाचा देव थोथ, तर मोजमाप आणि नोंदींची देवी सेशात.
- जपान: नवव्या शतकातले विद्वान सुगावारा नो मिचिझाने मृत्यूनंतर 'तेंजिन' झाले. परीक्षेआधी विद्यार्थी आजही त्यांच्या मंदिरात जातात.
- ख्रिस्ती परंपरा: १९२३ मध्ये पोपनी संत फ्रान्सिस डी सेल्स यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं.
- भारत: विद्येची सरस्वती, महाभारत लिहून घेणारा गणपती आणि पाप-पुण्याचा हिशेब ठेवणारा चित्रगुप्त.

मग प्रश्न काय?

निसाबा, सेशात, सरस्वती या तिघी स्त्रिया. नावानिशी माहीत असलेली जगातली पहिली लेखक मानली जाते तीही एक स्त्रीच, सुमेरमधली पुजारीण एनहेदुआना. तरीही शतकानुशतकं बहुतेक बायकांच्या हाती लेखणी आली नाही. आपल्याकडे तर बाई शिकली की नवऱ्यावर संकट येतं, असंही सांगितलं जायचं.

ताराबाईंनी काय केलं?

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सरसकट स्त्रीजातीलाच नावं ठेवली गेली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली. १८८२ मध्ये त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. जे दोष बायकांना चिकटवता, ते पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा रोकडा सवाल होता.

टीका झाली तेव्हा महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. मात्र त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे पुस्तकही विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं.

आज याचं काय?

सिंदखेडराजा, शेगाव, लोणार ही जिल्ह्याची ओळख सगळ्यांना पाठ आहे. त्या यादीत ताराबाईंचं नाव क्वचितच येतं. यासाठी मोठा निधी लागत नाही. शाळेत पाटीपूजनाच्या दिवशी त्यांच्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचलं तरी सुरुवात होईल.

देवीच्या हातात पुस्तक देणं सोपं असतं. घरातली मुलगी लिहिते ते वाचून घेणं, पटलं नाही तरी ऐकून घेणं, हे अवघड. पाटीपूजनाचा खरा कस तिथेच लागतो.