दोन विशेषणांचा धडा

‘जहाल’ हे मूळचे विषाचे वा औषधाचे विशेषण. ‘मवाळ’ हे स्वभावाचे. १९०७ च्या सुरतेच्या काँग्रेसच्या सुमारास मराठी पत्रांतून ही साधी विशेषणे माणसांना चिकटली आणि पक्षांची नावे होऊन बसली. ‘मवाळ’ म्हणजे जणू भित्रा, असा ध्वनीही त्यातून निघू लागला. परंतु त्याच ‘मवाळ’ गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडले; आणि १९१५ मध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी ‘जहाल’ टिळकांनीच त्यांचा मुक्तकंठाने गौरव केला. विशेषण लावले की विचाराचे कष्ट वाचतात, हे आम्ही पत्रकार पुरते जाणतो. म्हणूनच आमचे प्रथम आम्हांसच सांगणे आहे: आधी माणसाचे म्हणणे ऐकावे, विशेषण मागाहून शोधावे.