नखाएवढी गोष्ट

परवा रविवारी सकाळी साताऱ्याहून आईचा फोन आला. पणतवाचं बारसं आम्ही इकडे न्यू जर्सीतच उरकलं, त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. तरी आवाज खुशीत होता. "आपलं वाघनख पाठवतेय रे, सोन्यात मढवलेलं. नीट सांभाळ म्हणावं." आमचा भाचा एम. एस. करायला इकडे येतोय, त्याच्या सामानातून. हे वाघनख आधी आजोबांच्या गळ्यात, मग वडिलांच्या, मग आमच्या. पोराला दृष्ट लागू नये, भीती वाटू नये म्हणून. (आम्हांला झुरळाची भीती अजून वाटते, तो भाग वेगळा.)

आमच्या तोंडून पटकन "नको" निघून गेलं. पलीकडे शांतता.

वाचकहो, जन्मभर लॅबमध्ये प्रथिनांशी झटापट केलेल्या माणसाला हे नख म्हणजे काय ते ठाऊक असतं. आत हाड, वर केराटिनचं म्यान. आपली नखं-केस, मेंढीची लोकर, घोड्याचा खूर, साळिंदराचे काटे, बैलाच्या शिंगाचं कवच, देवमासा पाणी गाळतो ती तोंडातली झालर, सगळं या एका प्रथिनाचं. पेशी ते आपल्यात भरत जातात आणि गच्च भरल्या की मरतात. नख कापताना दुखत नाही ते त्यामुळेच. केस जळल्यावर येणारा वास असतो त्यातल्या गंधकाचा. पक्ष्यांची पिसं, सापाचे खवले यांतलं कठीण प्रथिन मात्र निराळ्या कुळातलं. पूर्वी त्यालाही 'बीटा केराटिन' म्हणत, आता बरेच शास्त्रज्ञ त्याला वेगळं काढतात. आणि टणक ते सगळं केराटिन असंही नाही. खेकड्याचं कवच कायटिनचं, हत्तीचा सुळा म्हणजे दात, सांबराचं शिंग तर निव्वळ हाड. यलोस्टोनला गेलात तर प्राँगहॉर्न बघा. तो दरवर्षी शिंगावरचं म्यान तेवढं टाकतो आणि आतलं हाड ठेवतो!

नख न कापल्यास कुठवर जातं, हे आपल्या पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी दाखवलं. शाळेत असताना शिक्षकांचं लांब नख चुकून मोडलं, बोलणी खाल्ली, आणि १९५२ पासून डाव्या हाताची नखं कापलीच नाहीत. २०१४ साली पाच नखांची लांबी भरली ९०९.६ सेंटिमीटर. हिशेब केला तर एका नखाला महिन्याला जेमतेम अडीच मिलिमीटर. अखेर २०१८ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये ती कापली. सहासष्ट वर्षांनी हात मोकळा झाला, पण तो कायमचा अधू होऊन.

त्यांचं केराटिन त्यांच्या खुशीने गेलं. गेंड्याच्या शिंगाला आत हाडसुद्धा नसतं, सगळंच केराटिन, आणि त्याच्यापायी गेंडा मारतात. २०२१ साली आसाम सरकारने साठवलेली २४७९ शिंगं जाहीरपणे जाळून टाकली, यात औषध-बिषध काही नाही हे लोकांना कळावं म्हणून. कोकणातल्या खवल्या मांजराचे खवलेही तसलेच. आपण नेलकटरने कापून कचऱ्यात टाकतो तीच वस्तू हो!

हे सगळं आईला सांगितलं. म्हटलं, भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, इकडे १९७३ चा. कस्टम्सला सापडलं तर नख जप्त होईल, दंड बसेल, आणि नव्या व्हिसावर आलेल्या पोराच्या नावावर पहिल्याच दिवशी नोंद. तिकडेही मालकीचा दाखला नसेल तर पंचाईत आहे. २०२३ साली बंगळूरला टीव्हीवरच्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखापायी अटक झाली होती.

"मग ती लंडनहून आली ती?" आईने २०२४ साली साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनाला आलेली वाघनखं रांगेत उभं राहून पाहिली आहेत. "ती बरी विमानातून आली!"

"अगं, ती पोलादाची."

मग आम्हांला नको ती बुद्धी सुचली. बैलाच्या शिंगातून कोरलेली खोटी वाघनखंही बाजारात असतात. तेही केराटिन, हेही केराटिन. जाळलं तरी वास तोच. "आपलंही कदाचित बैलाचं असेल," आम्ही समजुतीच्या सुरात म्हणालो.

"म्हणजे तुझ्या आजोबांनी गळ्यात बैल बांधला होता होय रे?" आणि फोन ठेवला.

भाचा आला की त्याच्याबरोबर लसणीची चटणी येणार आहे. सोन्याची साखळीही येईल, रिकामी. वाघनख आईच्या कपाटात आहे. वनखात्यात जाऊन विचारून ये, असं आम्ही धाकट्या भावाला सांगितलंय. तो म्हणतो, आईला आधी तू सांग.