उपचार मोफत, मुक्काम महाग

कर्करोगाच्या उपचारांसाठी राज्यातील अठरा रुग्णालयांची त्रिस्तरीय साखळी उभारण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. त्याआधी फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कर्करोग केंद्रे सुरू करण्याची, आणि त्यांपैकी दोनशे केंद्रे २०२५-२६ मध्येच उघडण्याची घोषणा झाली होती. या दोन्ही घोषणा स्वागतार्ह आहेत. परंतु कर्करोगाचा खर्च आपण आजवर मोजला तो रुग्णालयाच्या बिलात. घरापासून दूर राहून आईवडिलांवर उपचार करवून घेताना बिलाबाहेर जे काही खर्च होते, त्याचा हिशेब कोणत्याही योजनेने मांडलेला नाही. नव्या साखळीचे मोल ठरवायचे, तर हा हिशेब आधी मांडावा लागेल.

पारनेर तालुक्यातील सुपा हे त्यासाठी चांगले उदाहरण ठरावे. पुणे-नगर महामार्गावरील हे गाव आडरानात नाही. येथे औद्योगिक वसाहत आहे, जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्र राखले गेले आहे, रात्रंदिवस वाहतूक सुरू असते. जिल्ह्याचे ठिकाण, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर आणि आताचे अहिल्यानगर, तासाभराच्या अंतरावर आहे. तरीही घरातील वडीलधाऱ्या माणसाला कर्करोगाचे निदान झाले, की कुटुंबाची नजर वळते ती पुण्याकडे, आणि पैशाचे बळ कमी असेल तर मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे. सुप्यासारख्या रस्त्यावरच्या गावाची ही स्थिती असेल, तर अकोले किंवा जामखेडच्या वाड्यावस्त्यांविषयी वेगळे सांगायला नको.

अंतराचा प्रश्न कर्करोगातच एवढा तीव्र का होतो, हे उपचारांच्या वेळापत्रकावरून ध्यानात येते. हृदयाची शस्त्रक्रिया मोठी असली तरी रुग्ण काही दिवसांत घरी परततो. कर्करोगाचे उपचार महिनोन्महिने चालतात. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावे लागले, तर आठवड्यातील पाच दिवस याप्रमाणे साधारणपणे सहा आठवडे ते चालतात. प्रत्यक्ष किरण मिळतात काही मिनिटे. पण त्या काही मिनिटांसाठी दीड महिना गाव सोडावे लागते. केमोथेरपीची आवर्तने बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने होतात. प्रत्येक आवर्तनाआधी रक्ततपासणी, आणि नंतरच्या एक-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी घटल्याने जंतुसंसर्गाचे भय. अशा वेळी ताप १००.४ अंशांपर्यंत चढला, तरी तो साधा ताप मानायचा नसतो. विनाविलंब रुग्णालय गाठायचे असते. घर सुप्यात, केसपेपर मुंबईत आणि ताप मध्यरात्री, अशा वेळी मुलाने काय करावे?

रुग्णाबरोबर एका माणसाला घर सोडावे लागते, तेव्हा मागे राहिलेल्या घराचीही घडी विस्कटते. मुलगा वडिलांबरोबर गेला, तर शेताचे पाणी, गोठ्यातील जनावरे, डेअरीला जाणारे दूध आणि मुलांची शाळा हे सारे सुनेच्या अंगावर पडते. आई आजारी असेल, तर बहुधा सासरी नांदणाऱ्या लेकीला आपला संसार थांबवून यावे लागते. मोठ्या शहरातील खोलीचे भाडे, दोन माणसांचे जेवण, रिक्षाचे फेरे हे खर्च निदान मोजता तरी येतात. बुडालेली मजुरी, विकलेली गाय, चुकलेली पेरणी यांची पावती मिळत नाही.

सरकारी मदत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर पोहोचली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार तिच्यात समाविष्ट आहेत. तथापि योजना आखतानाच प्रवासखर्च धरला गेला तो रुग्णालयातून घरी परतण्याचा, एकवेळचा, एसटीचा किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचा, आणि तोही केवळ रुग्णाचा. दाखल झालेल्या रुग्णाच्या जेवणाची सोय झाली. त्याच्या उशाशी बसणारा माणूस मात्र हिशेबात नव्हता. रेल्वेची सवलत याहून उदार आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारांसाठी शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. पण सुप्याला रेल्वे नाही. जे गाव महामार्गावर जगते, त्याला रुळांवरची सवलत कितीशी उपयोगी पडणार?

याहून मोठी विसंगती कामगार कायद्यात आहे, आणि औद्योगिक वसाहतीच्या गावात ती विशेष बोचते. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य कामगार विमा योजनेत येतो. त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना या योजनेतून वैद्यकीय उपचार मिळतात. कामगाराला स्वतःला कर्करोग झाला, तर वाढीव आजारपण लाभ म्हणून वेतनाच्या ८० टक्के रक्कम दीर्घकाळ मिळण्याचीही तरतूद आहे. परंतु वडिलांच्या किरणोपचारांसाठी त्याला सहा आठवडे सुट्टी हवी असेल, तर योजनेत त्यासाठी काहीही नाही. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस या दराने साठलेली भरपगारी रजा दोन-तीन आठवड्यांत संपते. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर खाडा म्हणजे पगाराला कात्री, आणि लांबलेला खाडा म्हणजे कामावर पाणी. दुसरीकडे, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने आईवडिलांचा सांभाळ हे अपत्यांचे कायदेशीर कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य कायद्याने लादायचे आणि ते पार पाडण्यासाठी लागणारा वेळ मात्र द्यायचा नाही, असा हा व्यवहार आहे.

मग आजवर ही कुटुंबे तगली कशी? एक उत्तर परळच्याच इतिहासात सापडते. टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले ते गिरणगावात. घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांची माणसे आसपासच्या चाळींत राहत. गावकीच्या खोल्या होत्या, खाणावळी होत्या. गावाकडून आलेल्या आजाऱ्याला पथारी टाकण्यापुरती जागा मिळे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले आणि हा आधार विरळ झाला. उरला तो धर्मादाय संस्थांचा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी असंख्य कुटुंबांना आसरा दिला आहे. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा हवा, हे गाडगेबाबांना फार पूर्वी उमगले होते. शासनाच्या आरोग्यधोरणात मात्र ही गरज अद्याप उतरलेली नाही.

उपचार घराजवळ नेता येतात, याचा दाखलाही महाराष्ट्रातच आहे. अभिनेत्री नर्गिस दत्त यांच्यावर न्यूयॉर्क येथे उपचार झाले आणि ३ मे १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या कुटुंबाला साता समुद्रांपार जाणे परवडले, त्याच कुटुंबातील आईचे नाव पुढे बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी, डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कर्करोग रुग्णालयाला लाभले. तेथे १९८७ मध्ये टाटा रुग्णालयाच्या साह्याने देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन माहिती देऊ लागले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या. रोग लवकर सापडणे म्हणजे उपचार बहुधा कमी आणि घराबाहेरचे दिवसही कमी. आसामने हाच विचार राज्यभर नेला. टाटा ट्रस्टच्या भागीदारीतून तेथे कर्करोग रुग्णालयांचे जाळे विणले गेले आणि त्यांपैकी सात रुग्णालये एप्रिल २०२२ मध्ये एकाच दिवशी लोकार्पित झाली.

अर्थात प्रत्येक उपचार प्रत्येक जिल्ह्यात व्हावा, असा आग्रह धरणे चुकीचे ठरेल. अवघड शस्त्रक्रिया अनुभवी हातांनीच व्हायला हव्यात, आणि तो अनुभव मोठ्या केंद्रांतच जमतो. पण उपचारांची दिशा मोठ्या रुग्णालयाने ठरवावी आणि नेहमीची केमोथेरपी, रक्ततपासण्या, वेदनाशमन हे जिल्हा रुग्णालयाने सांभाळावे, ही विभागणी शक्य आहे. स्तनाच्या कर्करोगात पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांचे किरणोपचार बहुतांश रुग्णांना तितकेच गुणकारी ठरतात, हे सिद्ध झाले आहे. लांबून आलेल्या स्त्रीसाठी ते दोन आठवडे म्हणजे घराकडे परतण्याचा मार्ग असतो.

डे-केअर केंद्राचे यशही यावरूनच मोजावे. खुर्च्या आणि सलाईनचे स्टँड आले म्हणजे केंद्र झाले नाही. प्रशिक्षित परिचारिका, अखंड औषधपुरवठा, मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांशी रोजचा संपर्क आणि रात्रीच्या तापाला दार उघडणारा डॉक्टर नसेल, तर रुग्ण पुन्हा महामार्गावरच दिसेल.

जोवर दूर जाणे अटळ आहे, तोवर सोबत्याचा खर्च उपचारांचाच भाग मानला पाहिजे. क्षयरोग्यांना पोषणासाठी २०१८ पासून दरमहा थेट बँक खात्यात रक्कम दिली जाते. प्रारंभी ती ५०० रुपये होती, २०२४ मध्ये १,००० झाली. कर्करोगाच्या रुग्णासाठी आणि त्याच्या सोबत्यासाठी असा निर्वाहभत्ता देणे प्रशासनाला अवघड नाही. कामगार विमा योजनेत आईवडिलांच्या गंभीर आजारासाठी शुश्रूषा रजा आणता येईल, आणि कायदा होईपर्यंत वेतनकरारात ती घालण्यापासून सुप्यातील उद्योगांना कोणी रोखलेले नाही.

भारतात २०२२ साली कर्करोगाचे सुमारे १४ लाख ६० हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाने वर्तवला होता. यांतील प्रत्येक आकड्यामागे किमान एक सोबती असतो, आणि तो कोणत्याही नोंदणीत नसतो. अर्धवट सुटलेल्या उपचारांचे खापर आपण सहजपणे रुग्णाच्या अज्ञानावर फोडतो. अनेकदा कारण याहून साधे असते: सोबत्याची रजा संपलेली असते आणि घरी दूध काढायला माणूस नसतो. नव्या साखळीला उपचार पुरे करवून घ्यायचे असतील, तर तिने या सोबत्यापासून मोजायला सुरुवात करावी.