वर्षातले तीस दिवस काम, आणि म्हणे तुम्ही बेरोजगार नाही!

आमच्या वस्तीत एम. ए. झालेला एक तरुण आहे. लग्नसराईत कॅटरिंगवाल्याकडे वाढप्याचे काम करतो, बाकीचे वर्ष स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरतो. सरकारी हिशेबात तो बेरोजगार आहे का? बहुधा नाही!

२०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणाने देशातील बेरोजगारीचा दर फक्त ३.२ टक्के दाखवला. यातली मेख समजून घ्या. वर्षभरात तीस दिवस जोडकाम केले तरी माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात एक पैसाही न घेता राबणारी बाईसुद्धा रोजगारातच! याच सर्वेक्षणात ४६ टक्के कामकरी शेतीत आहेत, पण देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी. दोघांच्या कामावर पाच जण, हीच छुपी बेरोजगारी. बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरील निबंधात हे दुखणे ओळखले आणि औद्योगिकीकरणाचा उपाय सांगितला.

पण कारखाने आले म्हणजे आपल्याला काम मिळतेच असे नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत चांगली मजुरी विणकाम खात्यात होती. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्याचे दार बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या ग्रंथात त्यांनी स्पष्टच मांडले की, जात माणसाला धंदा बदलू देत नाही, म्हणून ती बेरोजगारीचे थेट कारण ठरते.

"ते जुने झाले" असे म्हणणाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेला सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास वाचावा. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, फरक फक्त नावांचा. दलित नावाच्या अर्जांना बोलावणे कमी आले. इथे कौशल्य कमी पडले की आडनाव आडवे आले?

भांडवलाची टंचाई, शिक्षणाचा घसरलेला दर्जा, रोजगार न वाढवणारी वाढ ही कारणे खरीच आहेत. पण जात वगळून सांगितलेले अर्थशास्त्र अर्धे आहे. आणि हे अर्धे अर्थशास्त्रच आपल्या पोरांना शिकवते की, "तुझ्यातच काहीतरी कमी आहे." पोरगा स्वतःला दोष देत खचतो, व्यवस्था मात्र नामानिराळी राहते.

मित्रांनो, आधी हा न्यूनगंड झटका. मग हिशेब मागा. शासनाच्या रिक्त जागा कायमस्वरूपी का भरत नाही? कंत्राटाच्या आडून आरक्षण का गिळता? खाजगी क्षेत्रात आरक्षण का नाही? आणि गटारात उतरणारे कामगार बहुतांश आमच्याच समाजांतले का? पदवी आपण मिळवली आहे. आता उत्तर त्यांनी द्यायचे आहे.

जय भीम!