कचोरीचा हिशोब

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं वैर आहे. मराठी विभागाच्या संपादकांनी चुका सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, राहिल्या असतील तर त्या माझ्याच! पण कचोरीवर इंग्लिशमध्ये लिहिणं म्हणजे कचोरीचा अपमान, म्हणून हा प्रपंच.

तर झालं असं. थर्ड इयर सुरू झालं आणि कॅन्टीनमधली कचोरी १५ ची २० रुपये झाली. बोर्डावरच्या जुन्या आकड्यावर पांढरा कागद चिकटवला आणि विषय संपला. होस्टेलमध्ये मात्र आग लागली! बुलढाणा जिल्ह्यात, शेगावच्या इतक्या जवळ राहून आम्ही कचोरीला २० रुपये मोजायचे? रात्री आमच्या रूमवर बैठक भरली. मी कॅल्क्युलेटर काढला, किराणा दुकानाचे भाव एकीला फोन करून विचारायला लावले आणि हिशोब मांडला. एका कचोरीला मैदा २५ ग्रॅम, १ रुपया. डाळ २० ग्रॅम, २ रुपये. तेल पिऊन पिऊन किती पिणार? १० ग्रॅम, १ रुपया ४० पैसे. बडीशेप, आलं, लसूण वगैरे मसाला ६० पैसे. सोबतची तळलेली मिरची ५० पैसे. एकूण साडेपाच रुपये! आणि विकायची वीसला!! दुसऱ्या दिवशी तो कागद मी मेसच्या नोटीस बोर्डवर लावला, वर लाल स्केचपेनने "ही लूट थांबवा" असं लिहून. संध्याकाळपर्यंत खाली चाळीसेक सह्या झाल्या. खरं सांगते, मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

सही केली नाही ती फक्त माझ्या रूममेटने. "झोपू दे ना, उद्या सबमिशन आहे," एवढंच म्हणाली. तिच्या आई-बाबांची जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर नाश्त्याची गाडी आहे. हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. पण त्या रात्री ते माझ्या डोक्यातही आलं नाही. आता लिहितानाही कसंतरीच होतं.

आता पुढचं ऐका. जानेवारीत गॅदरिंग होतं. आम्ही चौघींनी ठरवलं की फूड स्टॉल टाकायचा, कचोरी १० रुपयांना विकायची आणि कॅन्टीनवाल्याचे डोळे उघडायचे. २०० कचोऱ्यांचा माल आणला. मैदा २००, डाळ ४००, मसाला १५०, मिरच्या १००, कागदी प्लेटा १००. तेलाला मात्र माझं १० ग्रॅमचं गणित चाललं नाही, कारण कचोरी १० ग्रॅम तेलात तळता येत नाही, तिला कढई भरावी लागते! ४ किलो तेल, ५६० रुपये. असे झाले १,५१० रुपये. गॅस मेसचा वापरला, म्हणजे फुकट. पहाटे पाचला उठलो. कचोरी मंद आचेवर तळायची असते हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिला घाणा बाहेरून काळा, आतून कच्चा. नंतरच्या घाण्यात सारण फुटून तेलात. मधल्या सुट्टीत अशी गर्दी झाली की द्यायला हात पुरेनात, आणि ती सुट्टी संपल्यावर दोन तास कुत्रंही फिरकलं नाही. दुपारी तीनला हिशोब केला. विकल्या गेल्या १३१. गल्ला १,३१० रुपये. म्हणजे २०० रुपयांचा तोटा, आणि एक कचोरी आम्हाला पडली ११ रुपये ५३ पैशांना. चार मुली, दहा तास, मजुरी शून्य, भाडं शून्य, गॅस शून्य!

डोळे उघडले, पण कुणाचे ते सांगायला नको.

फेब्रुवारीत रूममेटबरोबर तिच्या घरी गेले. काकू पहाटे साडेतीनला उठून सारण भाजत होत्या. मी आगाऊपणाने माझा तो कागद (अजून बॅगेत होता) त्यांना वाचून दाखवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, भाव बरोबर आहेत म्हणाल्या आणि मग हात न थांबवता म्हणाल्या, "हे सारं बराबर हाये वं पोरी, पण याच्यात मी कुठी हाये?"

मी गप्प. खरंच, कुठे होत्या त्या? आमच्या घरी आई कचोरी करते तेव्हा ती "स्वस्तात पडते", कारण आईची मजुरी आपण कधी धरतच नाही. किराणा दुकानाचे भाव घेऊन हॉटेलच्या मेनू कार्डाशी तुलना करणारा प्रत्येक हिशोब असा आईच्या फुकट कामावर उभा असतो. आणि आपण इंजिनीअर होणार म्हणे!

जरा आपल्याच भाषेत बोलू. महावितरणचं बिल पाहा. महिनाभर घर बंद ठेवलं, एक युनिट जाळलं नाही, तरी "स्थिर आकार" भरावाच लागतो. तुम्हाला कधीही बटण दाबता यावं म्हणून खांब, तार, ट्रान्सफॉर्मर उभा असतो, त्याचा तो खर्च. नाश्त्याच्या गाडीचंही तेच आहे. कॅन्टीनमध्ये खरी विक्री मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांची, पण माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत पगारावर. जागेचं भाडं कचोरी विकली काय, नाही विकली काय, तेवढंच. गॅसचं म्हणाल तर घरचा लाल सिलिंडर १४.२ किलोचा, तो धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा निळा घ्यावा लागतो. घरच्या सिलिंडरवर जीएसटी ५ टक्के, निळ्यावर १८. आणि नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांना ५ टक्के जीएसटी लागतो, पण त्यात हा भरलेला १८ टक्के वजा करून मिळत नाही. तो जातो कुठे? कचोरीत. तेलही पुन्हा पुन्हा तळून चालत नाही. १ जुलै २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जळक्या तेलावर मर्यादा घातली आहे. सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही, पण जो पाळतो त्याला तेल फेकून द्यावं लागतं. ते फेकलेलं तेल माझ्या साडेपाच रुपयांत नव्हतंच.

शेगावची मूळ कचोरीसुद्धा अशीच जागेच्या आणि वेळेच्या गणितावर उभी राहिली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर ती सुरू केली. मुंबई-नागपूर लाइनवरची गाडी थांबणार काही मिनिटं, तेवढ्यात गरम कचोरी खिडकीतून हातात पडली पाहिजे. गाडी लेट झाली तर? तळलेल्या कचोऱ्या वाट पाहत गार होणार. फास्ट फूड म्हणजे मॅकडोनाल्ड्स (जे भारतात १९९६ साली आलं) असं आपण समजतो, पण आपल्या जिल्ह्यात ते कितीतरी आधीपासून आहे. गिऱ्हाईक मैद्या-डाळीबरोबर "आत्ता, इथे, उभ्या उभ्या" याचेही पैसे देतं.

आता विरोधी पक्ष. तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण तेल उतरल्यावर कचोरी का उतरत नाही? प्रश्न रास्त आहे. २०२२ साली फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात जवळजवळ महिनाभर बंद केली, इकडे तेल भडकलं. पुढे ते खाली आलं. कचोरी नाही आली. मी काकांना हे तोंडावर विचारलं. ते हसले. म्हणाले, तेल भडकलं तेव्हा चार महिने भाव तोच ठेवला होता, कचोरी थोडी लहान केली आणि बाकीचा मार अंगावर घेतला. रोजचं गिऱ्हाईक तुटलं तर परत येत नाही. मग उतरल्यावर तो खड्डा भरून काढला. शिवाय भाव वाढतो तो पाचाच्या पटीत. सुट्ट्या पैशांचा त्रास यूपीआयने संपला, तरी १७ रुपयांची कचोरी कुठे पाहिली आहे का? म्हणून भाव वर्ष-वर्ष हलत नाही आणि हलला की एकदम पाच रुपये उडी मारतो. मोठ्या कंपन्याही वेगळं काय करतात? जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडले तेव्हा उत्तर भारतातल्या बऱ्याच मॅकडोनाल्ड्समध्ये बर्गरमधून टोमॅटोच गायब झाला. कंपनीने कारण दिलं की चांगल्या प्रतीचा मिळत नाही. असेलही!

काकांचं सगळं मला पटलं असं नाही. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नसेल तर भाव चढा लावला जातोच. पण या सगळ्यात आपल्या शेतकऱ्याला काय मिळतं, हेही बघा ना. माझ्या मामाकडे सोयाबीन असतं. एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं, बाकीची बहुतेक पेंड. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने आयात तेलावरचं शुल्क वाढवलं, दुकानात तेल महागलं. सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये, पण त्या दिवाळीत बाजारात त्याच्या बऱ्याच खाली सौदे झाले, कारण पेंडीला उठाव नव्हता. म्हणजे मामा तोट्यात, काकू महागाईत, आणि मी नोटीस बोर्डवर लाल स्केचपेन घेऊन उभी!

असो. तो कागद मी काढून टाकला आहे. पण २० रुपये मला अजूनही खुपतात, आणि आता कुठे बघायचं ते कळलंय. बहुतेक कॉलेजांत कॅन्टीन टेंडरने दिलेलं असतं. जो जास्त भाडं देईल त्याला मिळतं. ते भाडं कॅन्टीनवाला घरून आणत नाही, आपल्याच कचोरीतून वसूल करतो. (संपादक हे छापतील का, बघू या.) तेव्हा कॅन्टीन कमिटीच्या पुढच्या मीटिंगला मी जाणार आहे. भाव कमी करा असं म्हणणार नाही. वर्षाचं भाडं किती आणि ते दिवसाला किती कचोऱ्यांवर पडतं, एवढंच विचारणार आहे. मीटिंग बुधवारी चार वाजता आहे. त्या चाळीस सह्या केलेल्यांनी कृपया यावं. रूममेट येते म्हणाली आहे.