राणी, छक्की, चौकी

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेस निघण्याच्या घाईत असताना गल्लीतील एक माउली दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराखालून त्यांनी एक शंभर पानी वही काढली, ती आमच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं तेवढं ऐकतोय बघा तो. तुम्हीच सांगून बघा की त्याला." एवढे बोलून त्या आल्या पावली परतल्या.

वही आमच्या ओळखीची होती. आमच्या गल्लीत चौदा घरांची भिशी चालते. दरमहा प्रत्येक घराचे पाच हजार, मिळून सत्तर हजार. चिठ्ठी काढावयाची आणि ज्याचे नाव निघेल त्याने ती रक्कम उचलावयाची. हा हिशेब त्या माउलींचा मुलगा, म्हणजे आमचा एक माजी विद्यार्थी ठेवतो. चौदा घरांत आमचेही एक घर आहे. वहीची पहिली पाने नीटनेटकी होती. अक्षर शाळेत होते तसेच वळणदार. मात्र वही उलटी करून मागून उघडली, आणि तेथे निराळाच हिशेब दिसला. "राणी-६-४", "हरलो की दुप्पट", "पाच वेळा गेले, आता येणारच". एकाच वहीच्या एका टोकास विश्वास आणि दुसऱ्या टोकास जुगार! दोन्ही हिशेब एकमेकांच्या दिशेने सरकत होते.

सीमाभागातील वाचकांस या कथेचा भूगोल सांगणे नको. बेळगावाहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि साखळी करीत पणजीस पोहोचावयास काही तास पुरतात. १९७६ च्या सार्वजनिक जुगारविषयक कायद्यात दुरुस्त्या करून गोव्याने १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ साली जहाजांवर पत्त्यांच्या मेजांना वाट करून दिली. मांडवीच्या पात्रातील दिव्यांनी लखलखणारी ती जहाजे ही त्याच दुरुस्तीची संतती. पुढे १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या स्थानिकांना या कॅसिनोंत खेळण्यास मनाई झाली. जी गोष्ट आपल्या लेकरांच्या हिताची नाही असे गोव्याने ठरविले, तिच्यासाठी घाटावरची लेकरे घाट उतरून जातात, याचा विचार घाटावरच्यांनीच करावयास हवा.

संध्याकाळी तो आला. मान खाली घालून त्याने सांगितले, ते असे. भिशीच्या सत्तर हजारांपैकी अडतीस हजार गेले होते. या महिन्याची चिठ्ठी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या नावाने निघाली होती. त्यांना मुलीच्या नर्सिंगची फी भरावयाची होती आणि रक्कम आठ दिवसांनी द्यावयाची होती. "सर, हातात अजून बत्तीस हजार आहेत. एकदाच जातो. पद्धत आता बरोबर बसली आहे. सगळं भरून काढतो."

रागावणे सोपे होते. परंतु तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून एक गोष्ट आम्हांस कळली आहे : चुकलेल्या गणितावर उपदेशाचा उपाय चालत नाही, ते गणित पुन्हा सोडवावे लागते. आम्ही त्याला म्हटले, "बैस. तुझी पद्धत आम्हांस शिकव." दिवाळीत काढावयाचा पत्त्यांचा जोड आम्ही कपाटातून काढला. आम्ही काही या बाबतीत सोवळे नव्हे; लक्ष्मीपूजनाच्या रात्री मेहुणे-भाच्यांसमवेत चार-चार आण्यांची तीन पत्ती आम्हीही खेळलेलो आहोत.

तो ज्या मेजावर बसे, त्या खेळाला थ्री कार्ड पोकर म्हणतात. डेरेक वेब या इंग्रज गृहस्थाने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो रचला. तीन पत्तीचे हे धाकटे भावंडच. मात्र येथे खेळाडू एकमेकांशी खेळत नाहीत, प्रत्येकाचा डाव एकट्या मेजवाल्याशी असतो. आधी एक पण लावावयाचा. मग तीन पत्ते हाती येतात. ते पाहून एक तर पण सोडून द्यावयाचा, नाही तर तेवढाच दुसरा पण लावून डाव पुढे न्यावयाचा. मेजवाल्याकडे निदान राणी नसेल, तर खेळाडूला पहिल्या पणाइतके पैसे मिळतात आणि दुसरा पण नुसता परत येतो. राणी वा तिच्याहून वरचे काही असेल, तर दोघांच्या पत्त्यांची तुलना होते. खेळाडू जिंकला तर दोन्ही पणांवर पैसे, हरला तर दोन्ही पण गेले.

बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारांनी उचलता येतात. आम्ही पाटीवर मांडणी केली. एकाच रंगाचा क्रम ४८ प्रकारांनी, तिन्ही पत्ते सारखे ५२ प्रकारांनी, साधा क्रम ७२०, एक रंग १,०९६, जोडी ३,७४४ आणि यांपैकी काहीच नाही असे १६,४४०. आपल्या घरांत तीन एक्के, तीन राजे अशा ट्रेलला सर्वांत मोठा मान. पण एकाच रंगाचा क्रम त्याहून दुर्मीळ, म्हणून कॅसिनोत मान त्याचा. घरच्या खेळात परंपरा चालते; तेथे केवळ गणना चालते. हा भेद त्याने प्रथमच ऐकला.

आता त्याची "राणी, छक्की, चौकी". आश्चर्य असे की, ही त्याची पद्धत खरोखरच बरोबर होती! हातात एक्का, राजा किंवा जोडी असेल तर पुढे जावेच. वरचा पत्ता राणी असेल आणि दुसरा सत्ती वा अधिक असेल तरीही जावे. दुसरा छक्की असेल तर तिसरा निदान चौकी हवा. त्याहून हलके पत्ते सोडून द्यावेत. याचे कारण आम्ही त्याला विचारले. ते मात्र त्याला ठाऊक नव्हते. मग आम्ही मांडून दाखविले. मेजवाल्याजवळ राणीहून हलके पत्ते येण्याचे प्रकार ६,७२०. म्हणजे शंभरात सुमारे तीस वेळा. आता तुझ्याजवळ गुलामाखालचे क्षुल्लक पत्ते आहेत आणि तू शंभर वेळा हट्टाने पुढे गेलास असे धर. तीस वेळा एकेक पण मिळेल, सत्तर वेळा दोन दोन जातील. मिळाले तीस, गेले एकशे चाळीस; तूट एकशे दहा. पत्ते सोडून दिले असते तर तूट शंभर. म्हणून सोडणे शहाणपणाचे. राणीच्या आसपास हे पारडे फिरते आणि ते नेमके छक्की-चौकीपाशी फिरते.

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे सर, माझं बरोबर होतं!"

"तुझे बरोबर होते," आम्ही म्हटले, "आता पुढची ओळ वाच." या पद्धतीने एकही चूक न करता खेळले, तरी पहिल्या पणाच्या दर शंभर रुपयांमागे सरासरी तीन रुपये सदतीस पैसे मेजाकडे राहतात. डोळे झाकून प्रत्येक डाव पुढे नेणाऱ्याचे साडेसात रुपयांहून किंचित अधिक जातात. निव्वळ राणी पाहून जाणाऱ्याचे तीन रुपये पंचेचाळीस पैसे. म्हणजे छक्की आणि चौकी पाठ करण्याचे सारे पांडित्य शेकडा आठ पैशांचे! तासाला चाळीस डाव आणि पाचशेचा पण धरला, तर निर्दोष खेळणाऱ्यालाही तासाची सरासरी किंमत पावणेसातशे रुपयांच्या घरात पडते. ही विद्या जिंकण्याची नव्हे, सावकाश हरण्याची आहे.

त्या मेजावर आणखी एक पण असतो : आपल्याला निदान जोडी येईल असा. जोडीस एकास एक, एका रंगास चौपट, क्रमास सहापट, तीन सारख्यांस तीसपट आणि एकाच रंगाच्या क्रमास चाळीसपट. सर्व २२,१०० प्रकारांवर एकेक रुपया लावला असे धरून आम्ही बेरीज केली, तर ५१२ रुपये कमी पडले; शेकडा सव्वादोनांहून थोडे अधिक. आता मेजावरच्या कापडावर एका रंगापुढे चाराऐवजी तीन छापले असेल, तर तीच तूट १,६०८ होते, शेकडा सव्वासात. एक आकडा एकाने उतरला आणि तूट तिपटीहून अधिक झाली. आम्ही विचारले, "तुझ्या मेजावर चार होता की तीन?" बराच वेळ तो आठवत राहिला. पाच महिने जाऊनही त्याने तो आकडा पाहिलेला नव्हता.

राहिली "हरलो की दुप्पट" ही युक्ती. पाचशे गेले की हजार, हजार गेले की दोन हजार. एकदा जिंकले की मागचे सारे भरून पाचशे वर. कागदावर ती निर्दोष दिसते. आम्ही त्याचे बत्तीस हजार पाटीवर मांडले. पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार, आठ हजार : पाच डाव सलग गेले की साडेपंधरा हजार संपले, तेही प्रत्येक वेळी एकच पण गेला असे धरून. सहाव्याचा पण सोळा हजार. तो लावला की हाती उरले पाचशे, आणि चांगले पत्ते आले तर दुसऱ्या पणासाठी आणखी सोळा हजार हवेत! राजा हातात येऊनही डाव सोडावा लागणार. या खेळात शंभरात सुमारे पंचावन्न डाव जातातच, म्हणून सलग पाच डाव जाण्याचा योग विसांत एकदा येतो. दर खेपेस पाचशे सुटतात असे धरले, तर अडतीस हजार भरून काढण्यास शहात्तर खेपा हव्यात. विसांत एकदा येणारी आपत्ती शहात्तर वेळा चुकवावयाची! शिवाय "पाच वेळा गेले, आता येणारच" हे पत्त्यांना कोण सांगणार? प्रत्येक डावाला सारे पत्ते नव्याने पिसले जातात. हरल्याची आठवण माणसाला असते, पत्त्यांना नसते.

पण किती लावावा, यावर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांनी १९५६ साली एक निबंध लिहिला. त्याचे सार साधे आहे : खेळात आपली सरशी जितकी, तितकाच आपल्या पुंजीचा अंश पणास लावावा. आणि सरशी मुळीच नसेल, तर? मग त्याच सूत्रातून उत्तर शून्य निघते. कॅसिनोच्या मेजावर आपली सरशी शून्याच्याही खाली आहे. सर्व पद्धतींची पद्धत ती हीच.

येथे आमच्यातला मराठीचा शिक्षक गप्प बसेना. महाभारतात धर्मराजाचे द्यूत सर्वांस ठाऊक असते. नळाचे द्यूत लोक विसरतात. राज्य गमावलेला नळ बाहुक होऊन ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे हाकीत असता, राजाने वाटेतल्या बेहड्याची पाने-फळे एका दृष्टिक्षेपात मोजून सांगितली. नळाने रथ थांबविला आणि फळे मोजून पाहिली. संख्या बरोबर निघाली. त्याच वेळी ऋतुपर्णाने त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म दिले आणि त्याच क्षणी नळाच्या देहातून कली बाहेर पडला. मोजणे आले आणि कली गेला. पुढे नळाने पुष्कराकडून राज्य परत जिंकले हे खरे. पण पुष्कर हा माणूस होता. मांडवीतल्या मेजापलीकडे बसलेला मुलगा हा पुष्कर नव्हे, तो पगारी नोकर आहे. खरा प्रतिपक्षी म्हणजे खेळाचा नियम, आणि नियमाकडून राज्य जिंकता येत नाही. नळाच्या कथेतले आपल्या वाट्यास येण्याजोगे फळ एकच : कलीचे बाहेर पडणे.

रात्रीचे दहा वाजले होते. आम्ही वही पुढच्या बाजूने उघडली. "ही भिशीही नशिबाचाच खेळ," आम्ही म्हटले. "चिठ्ठी कोणाची निघेल हे कोणास ठाऊक नसते. पण येथे नशीब फक्त पाळी ठरविते, रक्कम नाही. चौदा महिन्यांनी प्रत्येकाला त्याचे सत्तर हजार मिळालेले असतात. शेकडा शून्य तूट! असा हिशेब तू सांभाळत होतास."

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "सर, तुम्ही सगळ्यांना सांगणार?" वाचकहो, या प्रश्नाने आम्ही गडबडलो. तेरा घरांचे आम्ही शेजारी होतो आणि त्याचे शिक्षक होतो. शेवटी आम्ही म्हटले, "आठ दिवस आम्ही बोलणार नाही. नवव्या दिवशी गप्प बसणारही नाही."

सातव्या दिवशी दारासमोरची त्याची मोटारसायकल दिसेनाशी झाली. आठव्या दिवशी त्या बाईंना सत्तर हजार पोहोचले. त्या संध्याकाळी तो स्वतःच चौदाही घरांत गेला, झाले ते सांगितले आणि हिशेब दुसऱ्या कोणी ठेवावा अशी विनंती केली. दोन घरांनी त्याला नको नको ते ऐकविले. त्यांचा तो हक्कच होता. पुढच्या महिन्यात तो आपले पाच हजार घेऊन पायी आला आणि मुकाट्याने मागे बसला.

वही आता आमच्या घरी असते. मागची पाने आम्ही फाडलेली नाहीत. पुढचा हिशेब लिहिताना ती अधूनमधून उलगडतात. म्हणून बेरीज आम्ही दोनदा करतो.