पडलेल्या गड्याचे काय?

गेल्या वर्षीची भाऊबीज नारपोलीस झाली. धाकटी बहीण मंजू तिथे राहते. दिवा-वसई मार्गावरच्या भिवंडी रोड स्थानकावर उतरलो, रिक्षा केली आणि गल्लीत शिरताच काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. मग ध्यानात आले, माग बंद होते! एरवी तिथे असा खडखडाट, की शेजारी शेजाऱ्याशी ओरडूनच बोलतो. दिवाळीमुळे कामगार गावी गेलेले, मागाच्या कारखान्यात मेहताजी असलेले आमचे मेहुणे सुनीलराव घरी, आणि त्या शांततेत वरच्या खोलीतून थोरल्या भाच्याचा आवाज आला, “अरे, त्याला सोडू नका! मी उचलतो, तुम्ही दार धरा!”

मी घाबरून जिन्याकडे धावलो. मंजू म्हणाली, “बस रे दादा. कोणी पडलेले नाही. गेम आहे तो.”

ओवाळून झाले, आणि तबक खाली ठेवण्यापूर्वीच तिने गाऱ्हाणे मांडले. “घरात काय असावे नि काय नसावे, ते तू लोकांना छापून सांगतोस ना? मग याचा निवाडा कर. महिन्यापूर्वी हे तापाने फणफणून रात्री घरी आले. मी चिनूला घेऊन सासूबाईंकडे गेलेली. यांनी दारात तीन हाका मारल्या, फोन केला. ओंकार कानाला ते यंत्र लावून बसलेला. डोंबिवलीच्या कुठल्या पोराला खांद्यावर घेऊन पळत होता म्हणे! इकडे बाप अर्धा तास पायरीवर बसून.”

सुनीलराव चकलीचा तुकडा मोडीत खाली पाहत राहिले. त्या रात्रीपासून बापलेकांतले बोलणे ‘जेवायला ये’ एवढ्यावर आले होते.

निवाडा करावयाचा तर आधी मुद्देमाल पाहिला पाहिजे. मी वर गेलो. ओंकारने खुर्ची दिली आणि मोठ्या उत्साहाने सारे समजावून सांगितले. मामाने काही विचारावे, हेच त्या पोराला अपूर्वाईचे होते.

खेळाचे नाव ‘रेनबो सिक्स एक्स्ट्रॅक्शन’. युबिसॉफ्ट नावाच्या फ्रेंच कंपनीचा हा खेळ कॅनडातल्या माँट्रियल येथे तयार झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आला. (याच कंपनीने २००८ साली पुण्यात आणि २०१८ साली मुंबईत बस्तान मांडले, हे ऐकून मला उगीचच बरे वाटले.) आधी त्याचे नाव ‘क्वारंटाइन’ असे ठेवले होते. पुढे खराच करोना आला आणि ते नाव बदलणे भाग पडले!

कथा साधी आहे. न्यूयॉर्क, अलास्का अशा ठिकाणी पृथ्वीबाहेरची एक कीड पसरली आहे. जमिनीवर, भिंतींवर काळे, चिकट शेवाळ, त्यात वावरणारी अक्राळविक्राळ जनावरे. तीन गड्यांनी आत शिरून नेमून दिलेले काम करावयाचे आणि जिवंत परत यावयाचे. एकामागून एक तीन टप्पे, प्रत्येकाला पंधरा मिनिटे. एक टप्पा झाला की पुढे जावे की परतावे, हे तिघांनी ठरवावयाचे. आरडाओरडा, धाडधाड गोळीबार केला तर आणखी जनावरे जागी होतात. म्हणून पाय न वाजवता, एकमेकांना खुणावत जाणारा गडी इथे शहाणा.

आणि पडलेल्या गड्याचे काय? मला हाच भाग मोठा नवलाचा वाटला. गडी पुरता कोसळला की त्याच्याभोवती फेस जमून घट्ट होतो. सोबत्यांनी त्याला खांद्यावर घालून बाहेर नेले तर वाचला. नाही नेले तर तो ‘बेपत्ता’. पुढच्या डावात तो तुम्हांला मिळत नाही. त्याच जागी पुन्हा जाऊन, किडीच्या झाडात अडकलेल्या त्याला ओढून काढावे लागते. जखमी होऊन परतलेला गडीही दुसऱ्या डावात टुणटुणीत नसतो. त्याला विश्रांती देऊन दुसऱ्याला पाठवावे लागते.

“आमच्या काँट्रात असले लाड नव्हते,” मागून आवाज आला. सुनीलराव दारात उभे होते.

वाचकहो, १९८७ सालचा तो जपानी ‘काँट्रा’ आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. नव्वदच्या दशकात दूरदर्शन संचाला डबा जोडून दोघे भाऊ मांडीला मांडी लावून परग्रहावरच्या शत्रूंशी लढत. त्यात एक धबधबा होता. वर चढणारा पुढे गेला की पडदा वर सरके आणि खाली राहिलेला फुकट मरे. “थोरले बंधू नेहमी वर चढून जायचे,” सुनीलराव म्हणाले. “मी नेहमी खाली.”

ओंकार हसला. महिन्याभरात प्रथमच, असे मंजूने नंतर सांगितले.

पण काँट्रात एक सोय होती, ती या नव्या खेळात नाही. तिथे दोघे एका पडद्यासमोर बसत. भांडण झाले तर कोपर मारता येई. इथे एका यंत्रावर एकच जण खेळतो, बाकीचे दोघे इंटरनेटवरून येणार. खेळ सहकाराचा खरा, पण घरच्यांना दिसते ती पोराची पाठ! मंजूचा राग गोळीबारावर नव्हताच. तो या पाठीवर होता.

ओंकारने बापाच्या हाती कंट्रोलर दिला आणि आपण मागे उभा राहिला. डोंबिवलीचा सोबती आणि आणखी एक मुलगा पलीकडे होतेच. सुनीलरावांना सरळ चालता येईना. पहिला टप्पा कसाबसा पार पडला. ओंकार म्हणाला, “बाबा, आता परतू या.” पण हिशेबाच्या वहीत पैन् पै जपणारा माणूस इथे मात्र हावरा निघाला. “अजून एक!” दुसऱ्या टप्प्यात काळ्या शेवाळात पाय जड झाला, शेजारी काहीतरी फुटले, आणि मेहताजी फेसात बंद. घड्याळात दोन मिनिटे उरलेली. डोंबिवलीकराने मागे वळून त्यांना उचलले आणि शेवटच्या क्षणी बाहेर नेले.

सुनीलरावांच्या कपाळावर घाम होता. ते पडद्याकडे पाहत म्हणाले, “नवखा होतो मी. टाकून गेला असता तरी चालले असते.”

“असे कसे टाकतील?” ओंकार म्हणाला, आणि गप्प झाला. बराच वेळ गप्प राहिला. मग हलकेच म्हणाला, “बाबा, त्या रात्री मला खरंच ऐकू आले नाही.”

मी जिना उतरून खाली आलो.

मंजूला सांगितले ते असे. दहा वर्षांच्या चिनूला हा खेळ दाखवावयाचाही नाही. युरोपातल्या परीक्षकांनी त्याला सोळाची मर्यादा घातली आहे, आणि ती जनावरे पाहता ती मला मुळीच कडक वाटत नाही. ओंकार अठराचा आहे, त्याने खेळावे. मात्र एक कान मोकळा ठेवून, खोलीचे दार उघडे टाकून. जेवणाची हाक टप्प्याच्या मध्यावर मारू नये. मधूनच उठला तर तिकडे दोघांची पंचाईत होते, आणि ती पोरे चांगली दिसतात. पंधरा मिनिटे आधी सांगावे, टप्पा संपला की त्याने परतावे. परतण्याची सोय खेळातच आहे, ती वापरली नाही तर वायर मंजूच्या ताब्यात.

“आणि भात गार झाला तर?” तिने विचारले. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

निघताना सुनीलराव रिक्षापर्यंत आले. वाटेत ओंकारला म्हणाले, “तो डोंबिवलीचा कोण रे? त्याला एकदा फराळाला बोलाव.”

तुळशीच्या लग्नाआधी तो येऊन गेला. मंजू सांगत होती, मुलगा अगदी लाजाळू, चार चकल्यांवर उठला.